हिवाळ्यात उघड्यावर राहणारे शिंगरू: वैरण, चंदी आणि झूल

शिंगराची ऊब पोटात तयार होते. घोड्याच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीव गवताचे तंतू आंबवत असतात आणि त्या आंबण्यातून सतत उष्णता निघत राहते. तोंडाशी दिवसरात्र वैरण असलेले शिंगरू, वाऱ्याला आडोसा मिळाला, तर चांगल्याच थंडीत निवांत उभे राहते. रिकाम्या पोटाचे शिंगरू महागड्या झुलीतही कुडकुडते. म्हणून हिवाळ्याच्या तयारीचा क्रम असा ठेवा: आधी गवताचा साठा, मग आडोसा, आणि एवढे करूनही गरज उरली तर झूल.

पुढचे सगळे दूध तुटल्यापासून साधारण दोन वर्षांपर्यंतच्या आणि चोवीस तास बाहेर राहणाऱ्या शिंगरांबद्दल आहे. मोठ्या घोड्याचे नियम त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. लहान शरीरात वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्रफळ जास्त असते, त्यामुळे उष्णता लवकर निसटते. शिवाय काम नसलेला मोठा घोडा खाल्लेल्यातून फक्त आपली तब्येत राखतो. शिंगराला त्याच खुराकातून हाडे आणि स्नायूही बांधायचे असतात. ऊर्जा कमी पडली की शरीर आधी ऊब राखते आणि वाढ मागे ढकलते, आणि हे घडत असताना बाहेरून काही दिसत नाही.

थंडीला सरावलेले, केस पूर्ण वाढलेले शिंगरू कोरड्या आणि वारा नसलेल्या हवेत किती थंडी सोसते, हे त्याच्या खाण्यावर ठरते. दूध तुटलेल्या शिंगरांच्या अभ्यासात मोजून-मापून खाणाऱ्यांना सुमारे ० अंश सेल्सिअसखाली ऊब राखायला जादा ऊर्जा लागू लागली. हवे तेवढे खाणाऱ्यांची तीच मर्यादा सुमारे उणे ११ अंशांपर्यंत खाली गेली. झूल दोन्हीकडे नव्हती, फरक फक्त पोटात होता. पाऊस आणि वारा एकत्र आले की मात्र हे आकडे विसरावेत. केस चिंब भिजून चपटे झाले की त्यांच्यात अडकलेली हवा जाते आणि मग १० अंशांतही शिंगरू थरथरू लागते. कोरड्या थंडीपेक्षा ओली थंडी कितीतरी वाईट.

आधी वजन, आणि हात

खुराक ठरवायला वजन लागते. काटा नसेल तर कापड मोजायच्या टेपने काम भागते. घेर घ्या: कोपराच्या लगेच मागून, पाठीवर खांद्यांच्या उंचवट्याच्या मागून. लांबी घ्या: खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि येईल त्या आकड्याला भागायचे. वर्षाच्या आसपासच्या शिंगराला भाजक सुमारे १०,८५०, नुकते दूध तुटलेल्याला सुमारे १०,१००. मोठ्या घोड्याचा ११,८८० हा भाजक वापरला तर वजन कमी येते. उदाहरणार्थ घेर १५० आणि लांबी १४० असेल तर वर्षाच्या शिंगराचे वजन सुमारे २९० किलो. पाच-दहा किलोंची चूक होणारच, पण दर पंधरा दिवसांनी त्याच माणसाने तशीच टेप धरली तर चढ-उतार बरोबर कळतो आणि आपल्याला तोच हवा असतो.

मोठेपणी ५०० किलो भरणारे शिंगरू सहा महिन्यांचे असताना साधारण २१५ किलो असते आणि दिवसाला सुमारे ७०० ग्रॅम वाढते. वर्षाचे होईतो ते ३२० किलोंच्या आसपास येते आणि रोजची वाढ सुमारे ४५० ग्रॅमवर उतरते. दीड वर्षाला ती ३०० ग्रॅमच्या खाली जाते. हिवाळ्यात वेग थोडा मंदावला तर घाबरू नये. वाढ दोन महिने ठप्प होऊन मग कोवळ्या गवतावर एकदम उसळणे मात्र धोक्याचे आहे. सांध्यांच्या कूर्चेचे आणि हाडांच्या वाढीच्या पट्ट्यांचे आजार अशा धक्क्यांच्या वाढीत जास्त दिसतात.

वजनाइतकाच हात महत्त्वाचा. हिवाळी केसांत शिंगरू गुबगुबीत दिसते आणि आत बरगड्या मोजता येतील इतके उतरलेले असू शकते. नजरेवर अजिबात विसंबू नका. बोटे केसांत खुपसून बरगड्यांवरून आडवी फिरवा: हलक्या दाबाला बरगड्या लागाव्यात, पण खोचू नयेत. मग पाठकण्याच्या दोन्ही बाजू, कमरेची हाडे, शेपटीचे मूळ. १९८३ साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठात डॉन हेनेके यांनी मांडलेल्या १ (हाडांचा सापळा) ते ९ (अतिलठ्ठ) या मोजपट्टीवर वाढत्या शिंगराला ५ च्या आसपास ठेवावे. ४ च्या खाली गेले तर थंडी ऐन भरात असताना ते भरून काढणे फार कठीण जाते. ७ म्हणजे कोवळ्या सांध्यांवर नको असलेले ओझे.

पोट मोठे दिसते म्हणून शिंगरू धष्टपुष्ट आहे असे समजू नये. निकृष्ट, काडीसारखे गवत खाणाऱ्याचे किंवा जंत झालेल्याचे पोट हमखास लोंबते आणि पाठकण्यावर मात्र मांस नसते.

गवत: किती, कसले, कुठे टाकायचे

शिंगराला रोज शरीराच्या वजनाच्या २ ते २.५ टक्के कोरडे अन्न लागते, नुकते दूध तुटलेल्याला कधी ३ टक्क्यांपर्यंत. वाळलेल्या गवतात सुमारे १२ टक्के पाणी असते, म्हणून ३२० किलोंच्या शिंगराला गवत आणि खुराक मिळून साधारण साडेआठ किलो धरावे. हेलेजमध्ये, म्हणजे अर्धवट वाळवून हवाबंद गुंडाळलेल्या गवतात, पाणी खूपच जास्त असते, त्यामुळे वजनाला वजन बदलून चालत नाही. गवताच्या एका किलोच्या जागी दीड किलोच्या आसपास हेलेज द्यावे लागते. गवत काट्यावर तोलूनच द्या. अंदाजाने टाकलेली पेंढी कधी दीड किलोची निघते, कधी अडीच.

खरे तर शिंगरांच्या बाबतीत सगळ्यात सोपा नियम असा की सकाळी जाल तेव्हा रात्रीच्या गवतातले थोडे उरलेले दिसले पाहिजे. जमीन चाटूनपुसून साफ असेल तर कमी पडले. बरेच उरून तुडवले गेले असेल तर एकतर जास्त झाले किंवा गवतच खराब आहे. बोचऱ्या वाऱ्याचा, पावसाचा किंवा हिमाचा अंदाज असेल तर आदल्या संध्याकाळीच दर शिंगरामागे एक-दीड किलो वाढवा. आंबून ऊब मिळायला काही तास जातात. कुडकुडताना दिसल्यावर टाकलेल्या गवताचा उपयोग उशिरा होतो. अशा वेळी चंदी वाढवण्याचा मोह होतो, पण धान्य बहुतेक लहान आतड्यातच पचते आणि आंबण्याची ऊब त्यातून फारशी मिळत नाही.

गवताची प्रत हाताने आणि नाकाने ओळखा. शिंगराला पानाळ, मऊ, हिरवट गवत हवे. फुलोऱ्यानंतर कापलेले जाड काड्यांचे गवत मोठ्या खच्ची घोड्याला चालते, शिंगराचे पोट भरते पण पोषण होत नाही. पेंढी झटकल्यावर पांढुरकी धूळ उडाली किंवा बुरशीचा वास आला तर ते गवत टाकून द्यावे. भिजवल्याने धूळ दबते, बुरशीचे विष जात नाही. हेलेजच्या गठ्ठ्याला भोक पडले असेल, आत मेलेला उंदीर दिसला असेल किंवा आंबूस-कुबट वास असेल, तर सगळा गठ्ठा बाद. अशा गठ्ठ्यात वाढणाऱ्या जिवाणूचे बोटुलिझम घडवणारे विष घोड्याला फार थोडे पुरते. आणि रॅगवर्ट हे पिवळ्या फुलांचे तण उभे असताना कडू म्हणून घोडे टाळतात, वाळल्यावर मात्र गवतासोबत खातात आणि त्यातले यकृताला मारणारे विष तसेच टिकून असते.

कुरणात उरलेल्या गवताचा भरवसा धरू नये. हिवाळ्यात ते हिरवे दिसले तरी वाढत नसते. झपाट्याने खुरटलेल्या कुरणात शिंगरू काहीही हुंगत, चघळत फिरते, आणि सायकॅमोर मॅपल या झाडाच्या पंखवाल्या बिया जमिनीवर पडलेल्या असतील तर हा प्रश्न जिवावर बेततो. त्या बियांतले हायपोग्लायसिन ए हे विष स्नायू निकामी करते आणि तीन वर्षांखालच्या घोड्यांना त्याचा धोका विशेष असतो. चालताना ताठरणे, अशक्तपणा, गडद तपकिरी लघवी दिसली तर तासाभराचाही उशीर करू नका, पशुवैद्याला लगेच बोलवा. झाडे असतील तर ती जागा शरद ऋतूतच कुंपण घालून वेगळी करावी. वसंतात त्याच बियांची रोपे उगवतात, तेव्हा पुन्हा तीच काळजी.

कळपात घोडे जितके, त्यापेक्षा गवताचे ढीग दोन जास्त असावेत, आणि एकमेकांपासून आठ-दहा मीटरवर. यात कसर केली की सगळ्यात लहान किंवा भित्रे शिंगरू उपाशी राहते. दांडगा घोडा त्याला एका ढिगावरून हाकलतो तेव्हा जायला दुसरा मोकळा ढीग हवा. रोज जागा थोडी सरकवली तर चिखल आणि लीद एकाच ठिकाणी साठत नाही. गवत शक्यतो जमिनीवर, नाहीतर कडा गुळगुळीत असलेल्या रुंद, उथळ गव्हाणीत. जाळीच्या पिशव्या शिंगरांसाठी टाळाव्यात. ती पायाने उकरतात, आणि अडकलेला खूर सोडवताना पाय मोडू शकतो. गाईगुरांसाठी बनवलेल्या गोल लोखंडी गव्हाणीत शिंगराचे डोके किंवा अख्खे शिंगरूच अडकते.

चंदी: गवतात जे नाही तेवढेच

गवत ऊर्जा देते. वाढत्या हाडामांसाला लागणारी प्रथिने, लायसिन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक), तांबे आणि जस्त त्यात बहुधा कमी पडतात. म्हणून शिंगराची चंदी ही पोट भरण्यासाठी नसून ही तूट भरण्यासाठी असते, आणि ती थोडकीच असावी.

३२० किलोंच्या, वर्षाच्या शिंगराला रोज साधारण ८५० ग्रॅम प्रथिने, ३८ ग्रॅम कॅल्शियम आणि २१ ग्रॅम फॉस्फरस लागते. समजा गवतात कोरड्या वजनाच्या ८ टक्के प्रथिने आहेत. ७ किलो गवतातून ती सुमारे ४९० ग्रॅम मिळाली. वर १.२ किलो वाळलेली लसूणघास दिली तर आणखी १९० ग्रॅम, आणि ३० टक्के प्रथिनांचा शिंगरांसाठीचा बॅलन्सर (पूरक खुराकाच्या गोळ्या) अर्धा किलो दिला तर १५० ग्रॅम. बेरीज ८३०, म्हणजे जवळपास गरजेइतकी. गवत चांगले, साडेदहा टक्क्यांचे निघाले तर लसूणघास अर्ध्या किलोवर आणता येते. गवताची प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे म्हणूनच परवडते. न तपासलेल्या गवतावर महागडा खुराक ओतत राहण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त.

बॅलन्सर म्हणजे खनिजे, जीवनसत्त्वे आणि दर्जेदार प्रथिने दाबून बनवलेल्या गोळ्या. पिशवीवर वजनानुसार दिलेली मात्रा पूर्ण द्या. ‘चिमूटभर’ देऊन भागत नाही, कारण खनिजांचे प्रमाण पूर्ण मात्रेवर बेतलेले असते. पण बॅलन्सरवर आणखी खनिजपूड किंवा दुसरे टॉनिक चढवू नका. सेलेनियमची गरज आणि विषबाधा यांतले अंतर कमी आहे आणि ते दोन-तीन पिशव्यांतून एकदम जमा होऊ शकते.

कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट असावे, आणि कधीही फॉस्फरसहून कमी नसावे. इथेच गव्हाच्या कोंड्याने घात होतो. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असते. रोज तोबराभर कोंडा खाणारे शिंगरू रक्तातला तोल राखायला हाडांतून कॅल्शियम काढू लागते. ओट आणि इतर धान्यांतही हीच उणीव असते, पण कोंड्यात ती सगळ्यात जास्त. गरम कोंड्याचा लापशीसारखा खुराक थंडीत प्रेमाने दिला जातो, शिंगराला तो देऊ नये.

शिंगरू उतरत असेल आणि गवत हवे तेवढे असूनही भरत नसेल, तर आधी भिजवलेला बीटाचा चोथा वाढवा: वाळलेला अर्धा किलो, गोळीच्या प्रकाराप्रमाणे पुरेसे पाणी घालून आणि पूर्ण फुगू देऊन. तो तंतुमय असतो, गवतासारखाच आंबतो. त्यानेही भागले नाही तर शिंगरांसाठी बनवलेल्या चंदीच्या गोळ्या. कुठलीही पिठाळ चंदी एका वेळी शंभर किलो वजनामागे ३०० ते ४०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. जास्त लागत असेल तर दोन-तीन वेळांत वाटा. कोवळ्या वयात भरपूर स्टार्च म्हणजे जठरातले व्रण, पोटशूळ आणि सांध्यांचे आजार यांना निमंत्रण.

गुडघ्याच्या वरचा किंवा खुराच्या वरच्या सांध्याजवळचा भाग डमरूच्या कडांसारखा फुगलेला, गरम लागला, किंवा पायाचा खालचा भाग सरळ उभा होऊ लागला, तर चंदी त्याच दिवशी थांबवा आणि पशुवैद्याला दाखवा. गवत आणि खनिजे चालू ठेवा. उपाशी ठेवून सांधे बरे होत नाहीत.

खुराकातला कोणताही बदल दहा ते चौदा दिवसांत हळूहळू करावा. चंदी देताना शिंगराला कळपातून बाजूला घ्यावे, नाहीतर खाते भलतेच कोणीतरी.

पाणी आणि मीठ

कोरडे गवत खाणारे शिंगरू दिवसाला २० लिटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त पाणी पिते. कुरणातल्या ओल्या गवतावरून वाळलेल्यावर आले की ही गरज एकदम वाढते आणि नेमके तेव्हाच पाणी बर्फासारखे गार असते. घोडा कमी पितो, आतड्यात कोरडा गोळा अडकतो आणि पोटशूळ उठतो. बर्फ पडणाऱ्या ठिकाणी बर्फ चाटण्यावर भरवसा नको. टाकीवरचा बर्फाचा थर दिवसातून दोनदा फोडून बाहेर काढा. गरम पाण्याची बादली मिसळून ते कोमट केले तर घोडे स्पष्टपणे जास्त पितात. शंभर किलो वजनामागे रोज ५ ग्रॅमच्या आसपास साधे मीठ चंदीत घाला आणि जवळ मिठाची लादीही असू द्या. लीद कोरडी, लहान आणि घट्ट गोळ्यांची दिसली तर पाणी कमी जात आहे.

झूल घालायची का

निरोगी, अंगाने भरलेल्या, दाट केसांच्या शिंगराला आडोसा आणि गवत मिळत असेल तर बहुधा झूल लागत नाही, आणि न घातलेलीच बरी. दिवस लहान होऊ लागले की घोड्याच्या अंगावर हिवाळी केस येऊ लागतात. थंडीत प्रत्येक केस मुळाशी उभा राहतो आणि हवेचा जाड थर कातडीशी धरून ठेवतो. झुलीच्या वजनाने तेच केस दबतात. म्हणूनच बिनभरणाची पातळ झूल कोरड्या थंडीत कधीकधी ऊब वाढवण्याऐवजी घटवते. शिवाय शिंगरे एकमेकांच्या झुली दातांनी ओढतात, फाडतात, पट्ट्यांत पाय अडकवतात.

झूल खरोखर लागते ती अशा वेळी: आडोसा नाही आणि पाऊस-वारा दिवसेंदिवस चालू आहे, शिंगरू १ ते ९ च्या मोजपट्टीवर ४ च्या खाली उतरले आहे किंवा आजारातून उठले आहे, जात पातळ कातडीची आणि विरळ केसांची आहे, ते नुकतेच उबदार प्रदेशातून आले आहे आणि केस वाढायला वेळ मिळालेला नाही, किंवा ते थरथरताना दिसले आहे आणि गवत वाढवूनही थरथर थांबत नाही. कान गार लागले म्हणून झूल घालू नये. कान, पाय गार असणे घोड्यात नेहमीचे आहे. हात कोपराच्या मागे, केसांच्या मुळाशी घालून बघा.

आडोसा म्हटला की पक्की पागाच हवी असे नाही. तीन बाजू बंद, नेहमीच्या वाऱ्याकडे पाठ, आणि उघडी बाजू पूर्ण रुंदीची. अरुंद दार केले की दांडगा घोडा दारात उभा राहतो आणि लहान शिंगरू एकतर आत कोंडले जाते किंवा बाहेर भिजते. दोन-तीन शिंगरांना ३.६ बाय ७ मीटर पुरते. दाट झुडपांची कड किंवा उंच भिंतही वारा अडवते, पाऊस अडवत नाही एवढेच.

कोणती झूल, कोणत्या मापाची

बाहेर राहणाऱ्या शिंगराला पाणी न झिरपणारी आणि घामाची वाफ बाहेर सोडणारी झूल हवी. हे दोन्ही गुण एकत्र हवेत. नुसत्या रबरी किंवा प्लास्टिकच्या आवरणाखाली अंग घामाने ओले राहते. बाहेरचे कापड किमान १२०० डेनियरचे घ्या (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचे माप), ६०० डेनियर शिंगरांच्या दातांपुढे टिकत नाही. केस न कापलेल्या शिंगराला नुसत्या पावसासाठी चौरस मीटरमागे ० ते ५० ग्रॅम भरण पुरे. अंगाने उतरलेले असेल आणि तापमान शून्याजवळ असेल तर १०० ग्रॅम. २०० ग्रॅमची गरज अशक्त किंवा आजारी शिंगरालाच पडते. दिवसा ऊन पडणाऱ्या हवेत जड झूल म्हणजे दुपारी घाम आणि रात्री त्याच घामाने गारठा. मान झाकणारा भाग नको: तो डोळ्यांवर सरकतो आणि आयाळ झिजवतो.

माप छातीच्या मध्यापासून, अंगाच्या बाजूने, पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत घ्या. झुलींची मापे साधारण साडेसात सेंटिमीटरच्या टप्प्याने वाढतात. वाढत्या अंगाला पुढचा हिवाळा काढेल म्हणून दोन मापे मोठी झूल घेणे ही सगळ्यात धोकादायक काटकसर. मोठी झूल पाठीवरून फिरून पोटाखाली येते, शिंगरू बिथरते, पळत सुटते आणि कुंपणात शिरते. मधल्या मापात अडकलात तर जवळचे मोठे घ्या, त्याहून वर नको. सहा महिन्यांच्या शिंगराला एका हिवाळ्यात दोन झुली लागणार हे आधीच धरून चाला. वापरलेली पण शिवण पक्की असलेली झूल यासाठी उत्तम.

बसते कशी ते अंगावर घालून बघा. गळ्याची कड खांद्यांच्या उंचवट्याच्या थोडी पुढे यावी, त्यावर घासू नये, आणि गळ्यात सपाट हात सहज जावा. खांद्याजवळ जादा कापडाची चुणी असावी म्हणजे चालताना पुढचा पाय मोकळा जातो. मागची कड शेपटीच्या मुळाशी संपावी, आणि खालची कड कोपराच्या व मागच्या ढोपराच्या थोडी खाली, पोटाची रेषा झाकणारी. पोटाचे तिरके पट्टे पोटापासून सुमारे एक हात रुंदीच्या, म्हणजे १० ते १२ सेंटिमीटर अंतरावर: ढिले सोडले तर लोळताना खूर शिरतो, आवळले तर घासतात. मांडीचे पट्टे एकमेकांत अडकवून घ्यावेत, म्हणजे ते मांडीला घासत नाहीत. आकड्यांची उघडी तोंडे अंगाच्या बाजूला वळवा, नाहीतर ती कुंपणाच्या तारेत किंवा दुसऱ्याच्या आयाळीत अडकतात.

झुलीची सवय

पाऊस सुरू झाल्यावर झूल पहिल्यांदा दाखवू नये. कोरड्या, शांत दिवसांत, कुंपण पक्के असलेल्या लहान जागेत सुरुवात करा. एकाने मोरकीची दोरी धरायची, दुसऱ्याने झूल हाताळायची. खांबाला बांधून करू नका, घाबरलेले शिंगरू मागे ओढते आणि मान दुखावून घेते.

आधी घडी केलेला टॉवेल खांद्यावर, पाठीवर, पुठ्ठ्यावर फिरवा, दोन्ही बाजूंनी. तो शांतपणे घेऊ लागले की घडी घातलेली झूल हुंगू द्या. कापडाचा खडखडाट आणि वेल्क्रोचा चर्र आवाज दुरून ऐकवा, मग जवळून. त्यानंतर झूल तीन घड्यांत दुमडून खांद्यावर ठेवा आणि थोडी पुढे ठेवून मागे, केसांच्या दिशेने सरकवा. उलट ओढली तर केस उभे मुरगळतात आणि खाज सुटते. मांडीच्या पट्ट्यांचा स्पर्श त्यांना सगळ्यात जास्त खटकतो. म्हणून आधी मऊ सुती दोरी मागच्या मांड्यांच्या आतून हळूच फिरवून ओळख करून द्या, स्वतः बाजूला, खांद्याशी उभे राहून.

घालताना क्रम एकच: छातीचे पट्टे, मग पोटाचे, मग मांडीचे. काढताना बरोबर उलटा. शिंगरू मध्येच सुटले आणि फक्त मागचे पट्टे लावलेले असतील, तर झूल मागे घसरून पायांत गुंतते, आणि ते जन्मभर झुलीला भिते. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे, नजरेसमोर, डावीकडे-उजवीकडे वळवत चालवून. मग हळूहळू वेळ वाढवा. ते लोळून उठले, पळाले आणि झूल जागेवर राहिली, याची खात्री पटल्यावरच कळपात सोडा. कुरणात सोडताना मोरकी काढा. ती ठेवणे भागच असेल तर ताण आला की तुटणारी चामड्याची असू द्या.

रोज झूल काढून बघणे

झूल घातली की शिंगरू नजरेआड होते. ती दिवसातून एकदा पूर्ण काढायची, हा नियम पावसातही मोडू नका, आडोशात नेऊन काढा. खांदे आणि छातीवर केस झिजले आहेत का, उंचवट्यावर कातडी दुखते का, बरगड्या हाताला कशा लागतात, अंग घामट आहे का, हे सगळे दोन मिनिटांत कळते. पाठीवर केसांचे ओले गुच्छ आणि खाली खपल्या हाताला लागल्या तर तो डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस या जिवाणूचा संसर्ग. कातडी सतत ओली राहिली की तो होतो. अशा शिंगराला ओल्या किंवा दुसऱ्या घोड्याच्या झुलीत ठेवू नये. आयाळीच्या मुळाशी आणि शेपटीजवळ उवा हिवाळ्यातच जास्त सापडतात. खाजवून केस गेले तर आधी झुलीला दोष देऊ नका, केस बाजूला सारून नीट बघा.

झूल न घालणाऱ्या शिंगराला जोरात खरारा करू नये. केसांच्या मुळाशी असलेला तेलकट थर पाणी ओघळवतो, तो निघून जातो. चिखल वाळू द्या आणि हाताने चोळून पाडा. झूल बसणाऱ्या जागा मात्र स्वच्छ हव्यात, कारण झुलीखालचा वाळका चिखल कातडी घासतो.

जंतांचा विचार हिवाळा पूर्ण लागण्याआधीच करावा. लहान लाल जंतांच्या अळ्या आतड्याच्या भिंतीत दडून बसतात आणि हिवाळ्याच्या अखेरीस एकदम बाहेर पडतात. तेव्हा जीवघेणा अतिसार होऊ शकतो, आणि तरुण घोड्यांत तो जास्त होतो. लिदीतली अंडी मोजण्याच्या तपासणीत या दडलेल्या अळ्या दिसत नाहीत, त्यामुळे तपासणी चांगली आली म्हणून निश्चिंत राहू नका. मॉक्सिडेक्टिनसारखे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने आणि नेमक्या वजनानुसार द्यावे, बारक्या किंवा अशक्त शिंगरात मात्रा जास्त झाली तर विषबाधा होते. नालबंदाला सहा ते आठ आठवड्यांनी बोलवत राहा, नाल नसले तरी खूर चिखलात कुजतात आणि वाकडे वाढतात. अडीच वर्षांच्या आसपास पुढचे दुधाचे दात पडू लागतात. त्या काळात अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे खाली पडलेले दिसले तर दात तपासून घ्यावेत.

हिवाळा संपताना

झूल एका दिवसात कायमची काढू नका. आधी कोरड्या दुपारी, मग पूर्ण दिवस, मग रात्रीही. हाताला मोकळे केस येऊ लागले की झुलीखाली खाज सुटते, तेव्हा ती लवकर काढलेली बरी. कोवळे गवत येऊ लागताच चंदीच्या गोळ्या आठ-दहा दिवसांत कमी करत थांबवा. बॅलन्सर चालू ठेवा, त्यातल्या खनिजांची गरज गवतावरही असते.

झूल धुताना नेहमीची कपड्यांची पावडर वापरू नये, ती पाणी अडवणारा लेप घालवते. आधी वाळलेला चिखल ब्रशने काढा, थंड पाण्याने आणि झुलींसाठीच्या साबणाने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मग लेप पुन्हा मारा. फाटके आणि उसवलेले आताच शिवून घ्या. आकड्यांना थोडे तेल लावा. घडी घालण्याआधी झुलीवर तिचे माप आणि शिंगराचे त्या दिवशीचे माप लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या थंडीआधी नवी घ्यावी लागेल की धाकट्या शिंगराला हीच चालेल ते कळेल.